पूर्व आफ्रिकेतल्या शाळेत आरोग्य-स्वच्छता शिकवायला जायचंय? तक्ते राहू द्या, आधी पाण्याचं बघा

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालात, वय ५८, पुढच्या मे-जूनमधे सहा आठवडे केनिया नाहीतर टांझानियातल्या एखाद्या शाळेत स्वयंसेवक म्हणून आरोग्य आणि स्वच्छता शिकवायला जायचंय, तर धडे कसे तयार करू, तक्ते नेऊ का, मुलांना भेट काय नेऊ, आणि या वयात झेपेल का. मी नर्स, मूळची यवतमाळची, बारा वर्षं झाली, येऊन-जाऊन हेच काम करतेय, आधी केनियात व्हिक्टोरिया सरोवराच्या बाजूला बुसिया-किसुमूकडे आणि नंतर टांझानियात अरुशाजवळ. जरा लांबलचक होणार आहे, चहा घेऊन बसा.

पहिलं म्हणजे धड्यांची काळजी सोडा. हात साबणाने धुवावेत हे तिकडच्या मुलांना ठाऊक असतं हो. माझ्या पहिल्या वर्गात सत्तरेक मुलं होती, मी विचारलं जेवायच्या आधी काय करायचं, तर छप्पर उडेल अशा आवाजात "नावा मिकोनो!" म्हणजे तिकडच्या स्वाहिली भाषेत हात धुवा. तिकडच्या शिक्षकांची एक सवय आहे, मधेमधे "तूको पामोजा?" म्हणजे सोबत आहात ना, असं विचारायचं आणि सगळ्यांनी "न्दियो!" म्हणून ओरडायचं, आपल्याकडे "समजलं का?" "होssss" चालतं ना, तसंच. मी खूश. मग मधल्या सुट्टीत संडासाच्या बाजूला जाऊन उभी राहिले. मुलं बाहेर येतायत, हात चड्डीला पुसतायत, आणि सरळ गिथेरीच्या ताटलीवर, म्हणजे मका आणि घेवड्याच्या उसळीवर. का, तर हात धुवायला जवळ काही नव्हतंच. हापसा शाळेच्या आवाराबाहेर, पार उताराखाली, आणि साबण फक्त हेडमास्तरांच्या खोलीत कुलपात. आता त्या मुलांना मी हात धुण्याचं गाणं शिकवून काय करणार होते?

हे नुसतं माझं मत नाही. बुसियातच १९९० च्या दशकाच्या शेवटी मायकेल क्रेमर आणि एडवर्ड मिगेल या अर्थतज्ज्ञांनी ७५ शाळांमधे जंताच्या गोळ्यांचा मोठा प्रयोग केला, हे क्रेमर म्हणजे २०१९ मधे अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांच्याबरोबर नोबेल मिळालेले. गोळ्यांमुळे शाळेतली गैरहजेरी कमी झाली असं त्यांनी मांडलं, त्या हिशोबावर नंतर पुष्कळ वादही झाले, पण त्यातला एक भाग कुणी फारसा सांगत नाही. गोळ्यांबरोबर शाळांमधे आरोग्यशिक्षणही दिलं होतं, शिक्षकांना ट्रेनिंग, मुलांना धडे, सगळं. मग मुलांचे हात स्वच्छ आहेत का, पायात चपला आहेत का, सरोवराच्या पाण्यात उतरणं कमी झालं का हे तपासलं तर काहीही फरक नाही. मी हे वाचलं तेव्हा दोन दिवस झोप नीट लागली नाही, कारण आपलं अख्खं काम तेच!

म्हणून माझा सल्ला असा की गेल्यावर पहिला आठवडा शिकवायचंच नाही. वही घ्यायची आणि बघत बसायचं. पाणी कुठून येतं, कोण आणतं (बऱ्याच शाळांत मुलंच रोज घरून ५ लिटरचा कॅन भरून आणतात, त्यात स्वयंपाकाचं आधी निघतं, हात धुवायला उरलंच तर), संडास किती, दारांना कड्या आहेत का, मोठ्या मुली कुठे जातात, शिक्षकांच्या संडासाला कुलूप आणि मुलांच्याला दारच नाही असं आहे का. केनियात सरकारी नियम २५ मुलींमागे एक आणि ३० मुलग्यांमागे एक संडास असा आहे, प्रत्यक्षात तुम्ही मोजाल तेव्हा कळेल. हे सगळं हेडमास्तरांना चूक दाखवायला नाही हं, त्यांना ते तुमच्यापेक्षा जास्त माहीत असतं. तुम्ही इतक्या वर्षांच्या नोकरीत तपासणीला आलेले साहेब बघितलेत, तसं होऊ देऊ नका.

आता हात धुण्याची सोय. तिकडे एक साधी जुगाडू रचना सगळीकडे चालते, टिप्पी टॅप म्हणतात, टांझानियात किबूयू चिरिझी. दोन बेचक्याच्या काठ्या जमिनीत रोवायच्या, वर आडवी काठी, तिच्यात ५ लिटरचा प्लॅस्टिक कॅन अडकवायचा, कॅनला तापलेल्या खिळ्याने बारीक भोक, मानेला दोरी, दोरीचं खालचं टोक जमिनीवरच्या काठीला. काठीवर पाय दिला की कॅन वाकतो आणि धार येते, पाय काढला की बंद. हाताने काहीच धरायचं नाही आणि पाणी एवढं कमी लागतं की एका वेळेला कपभरही नाही. खाली खडी टाका नाहीतर आठ दिवसांत चिखल आणि डास. हे बनवायला एक सकाळ पुरते, मुलंच बनवतात, मजा येते, फोटोही छान येतात.. आणि इथेच सगळे स्वयंसेवक फसतात. कारण तीन महिन्यांनी जाऊन बघा, काठ्या वाळवीने खाल्लेल्या, दोरी कुणीतरी बकरी बांधायला नेलेली, कॅन रिकामा. मी माझ्या पहिल्या शाळेत बारा बसवले होते, पुढच्या वर्षी गेले तर त्यातला एक चालू! आणि तो का चालू होता तर तो स्वयंपाकघराच्या दारात होता, स्वयंपाकीणबाई स्वतःसाठी रोज भरायची.

तिथून मी शिकले की रचना महत्त्वाची नाही, भरणार कोण हे आधी ठरलं पाहिजे. पाळी लावा, वर्गाच्या भिंतीवर लिहा, आणि पाळीत मुलगे आलेच पाहिजेत यावर अडून बसा, नाहीतर काय होतं, पाणी भरणं आणि संडास झाडणं सगळं आपोआप मुलींच्या गळ्यात पडतं (आपल्याकडे काय वेगळं आहे म्हणा). आणि एक शिक्षक याला बांधलेला हवा, तिकडे म्वालिमू म्हणतात शिक्षकाला, त्यांना फार मान आहे. तुम्ही सहा आठवड्यांनी निघून जाणार, म्वालिमू राहणार. म्हणून जे काही शिकवायचं ते त्यांनी शिकवावं आणि तुम्ही बाजूला उभं राहावं, उलटं नाही. तुम्ही शिक्षिका होतात हा तुमचा खरा फायदा आहे, माझ्यासारख्या नर्सला हे कळायला तीन वर्षं गेली.

साबणाचं वेगळंच. वडी ठेवली की संध्याकाळपर्यंत गायब, मुलं घरी नेतात आणि त्यात त्यांचा काय दोष, घरी नसते. कधी कावळे आणि उंदीरसुद्धा पळवतात, खोटं नाही सांगत. यावर सगळ्यात चांगला उपाय म्हणजे साबणपाणी, दीड लिटरच्या पाण्याच्या बाटलीत कपडे धुवायच्या पावडरीची छोटी पुडी घालून हलवायचं, झाकणाला भोक पाडायचं आणि बाटली कॅनशेजारी बांधून टाकायची. स्वस्त पडतं, कुणी चोरत नाही. तेही नसेल तर चुलीतली राख, माजिवू म्हणतात तिला, आपल्या आज्या राखेनेच हात धुवायच्या.

एक खेळ मात्र जरूर घ्या, तो मी कुठेही गेले तरी घेते. हळद तिकडे मिळते, मांजानो म्हणतात, किनाऱ्यावर तर आपल्याइतकीच. पाच-सहा मुलांच्या हाताला थोडं तेल आणि हळद चोळायची. मग एकाने नुसत्या पाण्याने धुवायचं, एकाने साबणाने पण पटकन, एकाने साबणाने वीस आकडे मोजून, आणि मग सगळ्या वर्गाने हात तपासायचे. नखांत, बोटांच्या बेचक्यांत, अंगठ्याच्या मागे पिवळं राहतंच. "जंतू डोळ्यांना दिसत नाहीत" हे वाक्य शंभरदा म्हणण्यापेक्षा हे बरं. जंतूऐवजी इथे पिवळा रंग आहे हे मात्र स्पष्ट सांगा, एका शाळेत मुलांनी घरी जाऊन सांगितलं की मांजानोने रोग होतो आणि एक आजी भांडायला आली होती.

संडासाबद्दल एक सांगते कारण यात लोक चांगल्या मनाने वाट लावतात. तिकडे बहुतेक शाळांत खड्ड्याचे संडास, त्यातले चांगले असतात त्यांना मागे एक उंच पाइप असतो आणि पाइपच्या तोंडाला जाळी. आतली खोली मुद्दाम अंधारी ठेवतात. वारा पाइपच्या वरून गेला की खड्ड्यातली घाण हवा वर ओढली जाते, आणि खड्ड्यातल्या माश्यांना पाइपच्या टोकाचा उजेड तेवढा दिसतो, त्या तिकडे उडतात, जाळीला अडकून मरतात. आता एका संस्थेचे पाहुणे आले होते, त्यांना वाटलं लहान मुलं अंधाराला घाबरतात तर छपरात पारदर्शक पत्रा टाकू. टाकला. मुलं खूश, माश्याही खूश, कारण उजेड आता भोकातूनच दिसायला लागला, सगळ्या माश्या तिथून वर आणि तिथून थेट ताटलीवर. मुलं घाबरतात हे खरं आहे, पण ती जास्त घाबरतात ती मोठ्या भोकात पडायला, तर लहानांच्या संडासाचं भोक लहान करून घ्या, आणि कडी मुलांच्या हाताला येईल अशी लावा.

आता माझी सगळ्यात लाजिरवाणी चूक. अरुशाजवळच्या शाळेत पहिल्याच तासाला बघितलं तर अर्ध्या मुलांचे दात तपकिरी, डाग पडलेले. मी तडक दात घासण्यावर तासभर बोलले, ब्रश कसा धरायचा, रात्री घासा, सगळं. मुलं गप्प, तोंडं मिटलेली. नंतर तिथल्या एका म्वालिमूंनी बाजूला घेऊन हळूच स्वतःचे दात दाखवले, तेही तपकिरी. ते फ्लोराइड होतं हो! मेरू आणि किलीमांजारो या डोंगरांच्या परिसरात, रिफ्ट व्हॅलीच्या, म्हणजे पूर्व आफ्रिकेतल्या लांबलचक खचदरीच्या पट्ट्यात पाण्यातच फ्लोराइड जास्त आहे, ज्वालामुखीच्या दगडातून येतं. आणि मी यवतमाळची, आमच्या जिल्ह्यात, चंद्रपुरात, नांदेडकडे बोअरच्या पाण्याने असे दात झालेली गावं आहेत, मी लहानपणापासून बघितलेत, तरी तिकडे गेल्यावर डोक्यात पहिलं काय आलं तर ही मुलं घासत नाहीत. त्या दिवशी स्वतःचीच फार लाज वाटली. हे डाग घासून जात नाहीत, आणि पाणी उकळलं तर फ्लोराइड जात नाही, उलट पाणी आटून वाढतं. अरुशाजवळ न्गुर्दोतोला सरकारी केंद्र आहे, तिथे जनावरांची हाडं भाजून केलेल्या कोळशाच्या फिल्टरवर काम चालतं, पाऊस साठवून प्यायला वापरणं हा दुसरा मार्ग. दात घासायला शिकवायचंच असेल तर तिकडे म्स्वाकी, म्हणजे काडी, अजून वापरतात, तिला नावं ठेवू नका. कडुनिंबही तिकडे आहे, नाव म्वारोबाइनी, आरोबाइनी म्हणजे चाळीस, चाळीस रोगांवर औषध म्हणून.

रोग तिकडचे थोडे वेगळे आहेत, त्यातले दोन वाचून जा. एक किचोचो, म्हणजे बिलहार्झिया. गोड्या पाण्यातल्या गोगलगायीतून बारीक अळ्या निघतात आणि पाण्यात उभं राहिलेल्या माणसाच्या कातडीतून आत शिरतात, प्यायला लागत नाही, नुसतं पाणी लागलं तरी पुरे. व्हिक्टोरियाच्या काठी आतड्यांचा प्रकार, झांझिबार आणि किनाऱ्याकडे लघवीतून रक्त जाणारा. मुलांना "सरोवरात उतरू नका" सांगणं सोपं आहे पण मासे, कपडे, आंघोळ, पाणी सगळं तिथेच, जाणार कुठे. म्हणून दरवर्षी शाळेत प्राझिक्वांटेल गोळ्या देतात, वजनकाटा नसतो तर उंचीच्या पट्टीवर मुलाला उभं करून किती गोळ्या ते ठरवतात. तुम्ही असताना तो दिवस आला तर एकच मदत करा, मुलांच्या पोटात आधी काहीतरी जाईल हे बघा, उपाशीपोटी दिल्या की मळमळ, उलट्या, आणि गावात बोंब उठते की गोळ्यांनी मुलं आजारी पडली. आपल्याकडे हा रोग नाही असंच आपण धरून चालतो, पण रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावात १९५० च्या दशकात असे रुग्ण सापडले होते, वैद्यकीय पुस्तकांत त्या गावाचं नाव आहे. तुम्ही स्वतः सरोवरात पाय बुडवू नका, कितीही छान दिसलं तरी.

दुसरं फुंझा. ही एक बारीक पिसूच, तिची मादी धुळीतून पायाच्या बोटात नखाशेजारी घुसते आणि तिथेच अंड्यांनी फुगते. दुखतं, पिकतं, मुलं लंगडतात, आणि लाजेने पाय बाकाखाली लपवतात. मूळची ही अमेरिका खंडातली, १८७२ च्या सुमाराला जहाजातून अंगोलाच्या किनाऱ्यावर उतरली आणि पंचवीस-तीस वर्षांत आफ्रिका ओलांडून इकडच्या किनाऱ्याला पोचली. एकच टाचणी दहा मुलांच्या पायात घालून काढतात ते आधी थांबवा, एचआयव्ही आणि कावीळ दोन्हीचा धोका. डायमेथिकोन तेल लावलं की ती आतच मरते, ते आरोग्य केंद्रातून मागवा, स्वतः डॉक्टर होऊ नका. आणि ज्या मुलाला फुंझा आहेत त्याला वर्गासमोर उभं करून "बघा अस्वच्छतेमुळे काय होतं" असं कधीही नाही. मातीची जमीन आणि पायात चप्पल नाही, एवढंच कारण असतं.

मासिक पाळीचा विषय तुम्ही प्रश्नात घातला नाही पण तो येणारच, हेधी म्हणतात. केनियाने पॅडवरचा कर २००४ मधेच काढला आणि २०१७ मधे शाळेतल्या मुलींना मोफत पॅड देण्याचा कायदा केला, टांझानियाने २०१८ मधे कर काढला आणि पुढच्याच वर्षी परत लावला. कायदा असला तरी शाळेत पेटी पोचते का आणि कपाटाची चावी कुणाकडे असते हा वेगळा प्रश्न.. चावी पुरुष हेडमास्तरांकडे असेल तर मुलगी मागणार नाही, बाई शिक्षिकेकडे द्यायला लावा, एवढ्या एका गोष्टीने फरक पडतो. भारतातून कापडी पॅडचे गठ्ठे न्यायचा विचार असेल तर आधी विचार करा की ते धुवायला पाणी आणि वाळवायला ऊन असलेली आडोशाची जागा आहे का. मुली गादीखाली दडपून वाळवतात, ओलेच वापरतात, खाज सुटते. दाराला आतून कडी, आत पाण्याची बादली, झाकणाचा डबा, हे पहिलं. माहिती सांगताना मुलग्यांचा वर्ग वेगळा घ्या पण घ्या नक्की, चिडवणं बंद झालं की मुली शाळेत येतात. आणि लैंगिक शिक्षणाकडे जाण्याआधी शाळेला स्पष्ट विचारा काय बोललेलं चालेल, युगांडात तर यावरून देशभर वाद झालेत.

भाषा. केनियात वरच्या वर्गांत इंग्रजी चालतं, टांझानियात बहुतेक सरकारी प्राथमिक शाळा स्वाहिलीत, तर दोनशे शब्द तरी शिकून जा. सोपं आहे, साबणाला सबूनी, औषधाला दावा, पुस्तकाला किताबू, पेनाला कलामू, हवेला हेवा, दुकानाला दुका, अर्धं आपल्या कानावरचंच. वयाचं म्हणाल तर तिकडे वय म्हणजे अडचण नाही, उलट मान. टांझानियात मुलं वाकून "शिकामू" म्हणतील, त्याला "माराहाबा" म्हणायचं. कुणी "बीबी" म्हणालं तर दचकू नका, आजी असा अर्थ आहे.

तयारीचं पटापट सांगते. यलो फीवरची लस निघायच्या किमान दहा दिवस आधी, मान्यताप्राप्त केंद्रातच, कार्ड आता आयुष्यभर चालतं. परत येताना कार्ड नसेल तर आपल्या विमानतळावर सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवू शकतात. साठीनंतर या लसीचा त्रास व्हायची शक्यता वाढते, तुम्ही ५८ च्या, तर पुढे ढकलू नका आणि आधी आपल्या डॉक्टरांशी बोला. मलेरियाची प्रतिबंधक गोळी डॉक्टरांकडूनच लिहून घ्या, क्लोरोक्वीनवर तिकडे भरवसा नाही. टुरिस्ट म्हणून जाऊन शाळेत काम करू नका, टांझानियात स्वयंसेवकाला "क्लास सी" निवास परवाना लागतो, केनियातही वेगळी परवानगी, शाळेकडून लेखी घ्या. पासपोर्ट ऑफिसातून पोलीस क्लिअरन्स काढून न्या, मुलांबरोबर काम करणाऱ्याकडे जी शाळा ते मागत नाही त्या शाळेबद्दल मलाच शंका येते. सामान प्लॅस्टिकच्या पिशव्यांत भरू नका, केनियात २०१७ पासून आणि टांझानियात २०१९ पासून बंदी आहे, विमानतळावर काढून घेतात. मे महिना केनियाला बरा, दुसरं सत्र चालू असतं. टांझानियात जूनमधे शाळांना सुट्टी लागते, तर सहा आठवडे मे-जून म्हणजे केनियाच धरा. ऑगस्टमधे केनियाच्या शाळा बंद, दिवाळीच्या सुट्टीत जाल तर त्यांच्या परीक्षा.

भेट म्हणून चॉकलेट, बिस्किटं, बाहुल्या काही नको. वर्गाला एक याप्रमाणे चांगले नेलकटर न्या, तिकडे मुलं ब्लेडने नखं कापतात आणि तेच ब्लेड फिरत राहतं. बाकी कॅन, दोरी, पावडर सगळं तिथल्या दुकातून घ्या, म्हणजे तुटलं तर परत तिथेच मिळेल.

आणि हो, घड्याळ! स्वाहिलीत दिवस सकाळी सहापासून मोजतात, म्हणजे सात वाजले की पहिला तास. मला टांझानियात पहिल्या दिवशी "सा म्बिली" ला बोलावलं होतं, म्बिली म्हणजे दोन हे मला पाठ होतं, म्हणून मी दुपारी दोनला हळदीची पुडी आणि तेलाची बाटली घेऊन ऐटीत पोचले. सकाळी आठपासून मुलं ओळीत बसवून ठेवली होती आणि मग वाट बघून दुपारी घरी सोडली होती. हेडमास्तरांनी काही न बोलता उगाली, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट शिजवलेला गोळा, वाढली. तुम्ही आठलाच जा.